खांद्यावरचा पहारा

एडेल्मिराने इस्त्री बाजूला ठेवली आणि दारातून आत डोकावलं. नवरा, आर्सेसिओ, पलंगावर उताणा घोरत होता. दोन वर्षं खांद्याच्या वर न गेलेला त्याचा उजवा हात डोक्यामागे, थेट उशीपलीकडे पसरला होता.

"ढोंगी मेला," ती पुटपुटली.

इस्त्री चालली होती ती मिरवणुकीच्या जांभळ्या झग्यावर. पोपायान गावात मिरवणुकीतल्या देवाच्या मखराला आठ खांदे लागतात, आणि दांडीखालची जागा बापाकडून मुलाला मिळते. एडेल्मिराच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून ती जागा जावयाला मिळाली. या जावयाने काय दिवे लावले? दुसऱ्याच वळणावर खांदा निसटला आणि त्याने सगळ्या गावादेखत काकाओ मागितला. ओझं न पेलल्याने खाली बसणाऱ्याबद्दल इथे ‘काकाओ मागितला’ असंच म्हणतात, आणि तो मेल्यावरही म्हणत राहतात.

तेव्हापासून रोज दुपारी ती खरोखरचा काकाओ, म्हणजे दुधातलं गरम चॉकलेट, घुसळून पेला त्याच्यापुढे आदळायची. "घ्या. मागितला होतात ना?"

आर्सेसिओ मुकाट्याने प्यायचा. डाव्या हाताने.

डॉक्टरीण म्हणाली होती, "सांधा बरा झालाय बाई. पण मेंदूला ते अजून पटलेलं नाही. धोका वाटला की तो खांदा आवळून धरतो. पहाराच देतोय म्हणा. आणि दुखतं, तेही खरंच दुखतं."

"मेंदू?" एडेल्मिरा म्हणाली होती. "याला? कुठे सापडला तुम्हाला?"

आज चार वाजता मखराचे मुकादम, डॉन लिसिमाको, यंदा तो दांडीखाली येणार का, हे शेवटचं विचारायला यायचे होते. आर्सेसिओ नाही म्हणाला, तर तिच्या बापाची जागा तिच्या चुलतभावाला, ओविदिओला जाणार होती. ओविदिओने जन्मात बटाट्याचं पोतंसुद्धा उचललेलं नव्हतं.

म्हातारा आला. एडेल्मिराने ओठांवर बोट ठेवून त्याला खोलीच्या दाराशी नेलं.

"बघा डॉन लिसिमाको. हा तुमचा लुळा खांदा. दुपारच्या झोपेत कसा मस्त हात पसरून पडलाय!"

"झोपलाय गं तो."

"तेच तर! झोपेत सोंग आणायचं राहून गेलं."

समोरच्या चर्चची घंटा वाजली. कुत्रा भुंकला. गरम एम्पानादा विकणारी बाई गल्लीतून ओरडत गेली. हात जागचा हलला नाही.

"उठला की विचारा त्याला, माझ्यासमोर," एडेल्मिरा म्हणाली. "तोवर बसा. काकाओ करते."

स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच. दूध तापलं, वड्या विरघळल्या. तिने लाकडी रवी दोन तळव्यांत धरली आणि घुसळायला लागली. घर्र, घर्र, घर्र.

"एडेल्मिरा," म्हाताऱ्याने हाक मारली. आवाज वेगळाच होता. "इकडे ये. थांबू नकोस. भांडं घेऊनच ये."

भांडं पोटाशी धरून, एका हाताने रवी फिरवत ती दारात आली.

उशीपलीकडचा हात कोपरात दुमडत होता. बोटं आवळली गेली. हात सरपटत छातीशी आला, आणि दांडी पडल्यासारखा खांदा कानापर्यंत चढला. आर्सेसिओचं घोरणं चालूच होतं.

तिचा हात थांबला.

"रोज करतेस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"रोज."

"दोन वर्षं?"



डॉन लिसिमाकोने चाळीस वर्षं मखर वाहिलं होतं. त्याच्या खांद्यावरचा घट्टा सदऱ्यातूनही दिसायचा. त्याने आधी पलंगाकडे पाहिलं, मग रवीकडे, आणि मग तिच्याकडे. काकाओ मागणाऱ्याकडे गाव बघतं, तसं.

"तुझा बाप माझ्या पुढच्या दांडीला होता," तो म्हणाला. "बरं झालं, गेला." त्याने टोपी घातली. "मला काकाओ नको. ओविदिओला निरोप धाडतो."

बाहेरचं दार लागलं. भांड्यातला फेस हळूहळू बसत गेला.

भांडं तापलेलं होतं, पोटाला, बोटांना चटके बसत होते. पायाशीच फरशी होती, तिथे टेकवलं असतं तरी चाललं असतं. पण आवाज झाला असता. एडेल्मिरा ते तसंच धरून, दारात उभी राहिली.