ठमाबायचा धनी

"छापील चित्रातला एक केससुद्धा बदलायचा नाही," अशी ठाण्याच्या ड्रॉइंग मास्तरांची ताकीद होती. त्यामुळे कुठल्याशा विलायती व्यापाऱ्याचं ते जुनं चित्र मी महिनाभर ऑइलमध्ये जसंच्या तसं उतरवत होतो. सोमवारी मास्तरांना दाखवायचं होतं. शनिवारी शेजारची ठमाबाय मिठागरावरून आली ती थेट घरात शिरली.

"सिडनी, ह्यो मना दे. आमचे धन्याचा एकपन फोटू नाय. आजा कसा व्हता, नातवंडं इचारतात."

"अगं, पण हा गोरा साहेब आहे!"

"मंग काला कर. टोपी काढ, पागोटं घाल."

हसावं की तिला बाहेर काढावं? आणि मास्तरांना काय दाखवू? एवढ्यात तिने पदराने डोळे टिपले आणि माझ्या हाताने आपसूक ब्रश उचलला. ती सांगत गेली, मी बदलत गेलो. रंग काळा झाला, मिशी जाड झाली, कपाळावर जुन्या जखमेची खूणही आली. महिनाभर खपून जमवलेले व्यापाऱ्याचे मऊ, हसरे डोळे तेवढे उरले. मी जड मनाने ब्रश तिकडे नेला.

ठमाबायने माझं मनगट धरलं. "डोल्यांना हात नको लावू."

"त्यांचे डोळे असेच होते?"

"नाय रं. चालीस वरसांत त्यानं माज्याकडं असं एकदा पन बगितलं नाय."