चेहरा जुळत नाही

पेन्शन चालू राहायची तर आई हयात असल्याची नोंद व्हायला हवी होती, आणि त्यासाठी कॅमेऱ्याने तिचा चेहरा ओळखायला हवा होता. तिसऱ्या खेपेलाही पडद्यावर तेच उमटलं: चेहरा जुळत नाही.

"आजी, कवळी लावून बघा," खिडकीतला कारकून म्हणाला.

"बसत नाही रे ती आता. मी बोलायच्या आधी तीच बाहेर येते."

मी त्याला समजावून सांगितलं. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, गाल आत ओढले जातात, हनुवटी नाकाच्या जवळ येते. तुमच्याकडचा फोटो ती निवृत्त झाली तेव्हाचा, बावीस वर्षांपूर्वीचा आहे.

"मॅडम, मला पटतंय हो. मशीनला पटायला हवं."

"मग तुम्ही हाताने नोंद करा. बाई तुमच्यासमोर बसून बोलते आहे."

"तो अधिकार मला नाही. आता एकदाच बघू, नाहीतर महिनाभर नोंद बंद."

"म्हणजे मी महिनाभर मेलेली?" आईने माझ्याकडे बघितलं. "मग स्वयंपाकाचं तुझं तू बघ."

कारकुनाने बटण दाबलं. आईची मान खाली गेलेली दिसली, म्हणून तिची हनुवटी वर धरायला मी घाईने पुढे वाकले.



पडद्यावर हिरवी खूण आली, आईच्या नावापुढे 'हयात' अशी नोंद झाली, आणि वरच्या चौकटीत अठ्ठावन्न वर्षांचा माझा वैतागलेला चेहरा होता.