बासष्ट पैसे इंजिन

निवृत्त तहसीलदार गंधेसाहेबांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार यवतमाळच्या बंगल्यात बावीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. लेकीच्या लग्नात ती त्यांना स्वतः चालवायची होती, म्हणून इंजिनाचं काम किती निघेल ते पाहायला त्यांनी गुणवंत मिस्त्रीला बोलावलं. गुणवंतचं गॅरेज लोहाऱ्याला आणि कपाशीचं शेत दिग्रसकडे. तो आला, पण फटफटीवरून उतरलाच नाही. फाटकाबाहेरूनच त्यानं गाडीवर एक नजर टाकली.

"बॉडी तर चमकून राह्यली, साहेब. इंजिन बासष्ट पैसे आहे. पन्नासच्या वर आहे, म्हणजे काहीच करा लागत नाही."

गंधेसाहेब भडकले. "अरे, बॉनेट उघडलं नाहीस, ऑईल पाहिलं नाहीस! बाहेरून चकचकीत दिसते, पण आत पिस्टन जाम झाले असतील तर? असा रस्त्यावरून अंदाज काढतात का कुठे?"

गुणवंतनं शांतपणे फटफटी वळवली.



"बोंडअळीच्या वर्षी आमचे बोंडं बी बाहेरून हिरवेगारच होते, साहेब. तुम्ही जीपमधून न उतरता गावच्या पिकाची पैसेवारी बासष्ट लिहून गेलते. पन्नासच्या वर म्हणून दुष्काळाची मदत काहीच नाही भेटली."