काही नाही

चार वर्षं एंदांगने लेकीची शाळा घरातच भरवली होती, अगदी घंटेसकट. एके सकाळी तिने भिंतीवरचं वेळापत्रक फाडून टाकलं आणि सेकारला जवळ घेतलं. "आजपासून धडे नाहीत, बाळा. आवडेल ते कर. काय आवडतं तुला?"

"काही नाही," सेकार म्हणाली.

"आणि पतंग?"

"नको."

मागच्या वर्षी पोर पतंगापायी जेवण विसरायची. एंदांगने त्यावरून तिला कोन आणि त्रिकोणसुद्धा शिकवले होते. आता आठवडे उलटले तरी उत्तर एकच, काही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला काहीच आवडू नये, या विचाराने आईचा जीव तुटायचा.

एका दुपारी शेजारच्या सुमिनीआजीच्या परसातून हसण्याचा आवाज आला. एंदांगने कुंपणावरून पाहिलं. सेकार गात गात शिजलेले सोयाबीन आंबवण्यासाठी केळीच्या पानांत भरून आजीच्या विक्रीच्या टेंपेच्या पुड्या बांधत होती.

"सावकाश गं बये," आजी म्हणाली, "माझ्या पोटावर पाय आणशील अशाने!"

एंदांगला भरून आलं. ती लगबगीने आजीच्या परसात गेली. "अगंबाई, किती सुरेख बांधतेस! बरं सांग, या दाण्यांवर पांढरी बुरशी कशामुळे धरते?"

गाणं थांबलं. सेकारने हातातली अर्धी पुडी आजीकडे सरकवली. आजीने मान खाली घातली, आणि एंदांगला आपली जीभ चावावीशी वाटली.

"मला नाही आवडत हे, आई," पोर घाईघाईने म्हणाली. "मी नुसतीच बसले होते."