डावं-उजवं

रोबोला उजवीकडे वळायला सांगितलं की तो डावीकडे वळत होता. सरळ मात्र शहाण्यासारखा जायचा. उद्या अंधेरीत रोबो-स्पर्धेची फायनल, मैदानात उतरायला संघातल्या दोघींनाच परवानगी, आणि ही वाट लागलेली.

"वायरिंगच चुकलंय, सर. तेजलला डावं-उजवं कळतच नाही," अक्षताने फोनवर सांगून टाकलं. तेजलऐवजी प्रियांकाला घेऊ, हेही सुचवलं. प्रियांका अक्षताच्याच बिल्डिंगमधली, लहानपणापासूनची मैत्रीण. सर म्हणाले, "आधी चूक कुणाची ते बघ. सहापर्यंत नाव कळव."

मग मांडीवर रोबो घेऊन बाईसाहेब मुलुंडहून रिक्षाने गोवंडीला, तेजलच्या घरी आल्या. चूक शोधायची नव्हतीच, ती त्यांच्या मते कधीच सापडली होती. वायरी तेवढ्या बदलून घ्यायच्या आणि 'उद्या तू नाहीस' हे सांगायचं, बस.

तेजलची आई कमल ब्लाउज शिवत होती. "ये गं, बस. उद्या मी मशीन बंद ठेवणारे. दोन वर्षं ही नुसती वायरी जोडतेय. एकदा मैदानात बघायचंय हिला."

अक्षताला तेव्हा ते सांगणं जमलं नाही.

तेजलने रोबोचं झाकण उघडलं. मधोमध बॅटरी, मागे बोर्ड, दोन बाजूंना दोन मोटरी. मोटरींवर अक्षताच्या वळणदार अक्षरातले स्टिकर: डावी, उजवी. सगळी मांडणी तिचीच. दोन महिने खपून केलेली. त्या मांडणीत कशी चूक असेल!

"तू स्टिकर लावलेत तसंच जोडलंय यार," तेजल म्हणाली. "डावीची वायर बोर्डाच्या डावीला."

"मग घोळ कुठेय? ही बघ ना डावी." रोबोचं तोंड अक्षताकडे होतं. तिने आपल्या डाव्या हाताच्या मोटरीवर बोट ठेवलं.

कमलने तोंडातली टाचणी काढली. "कुणाची डावी? तुझी, का त्याची?"

"म्हणजे काय, काकू?"

कमलने ब्लाउज स्वतःसमोर धरला, पुढची बाजू आपल्याकडे करून. "ही डावी बाही. पण माझ्या उजव्या हाताला आलीय ना? बाही घालणारीची असते बाई, शिवणारीची नाही."

अक्षताने रोबो फिरवला. त्याची पाठ आपल्याकडे केली. 'डावी'चा स्टिकर उजवीकडे आला. कागदावरसुद्धा तिने पहिल्या दिवसापासून त्याचं तोंड आपल्याकडेच काढलं होतं. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात्तिच्या! एवढंच?" तेजल हसली. तिने दोन वायरींची अदलाबदल केली आणि रोबो फरशीवर सोडला. उजवीकडे सांगितल्यावर तो उजवीकडेच वळला. "झकास!" म्हणत ती आत चहा टाकायला गेली. अक्षताला एका शब्दाने बोलली नाही.

फोन वाजला. सर होते.

"सहा वाजले, अक्षता. सापडली चूक? प्रियांकाचं नाव देऊ ना?"

आत कपांचा आवाज होत होता. कमल मशीनवर कापड घालत होती.

"नको सर, तेजलचंच द्या," अक्षता म्हणाली. "डावं-उजवं मी केलं."