बाबांच्या जखमेतले

आईला मी वाशीमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. बाबांच्या पायाच्या जखमेतले जिवाणू काचेच्या बंद बशीत वाढवले होते. या जिवाणूंवर एकही औषध चाललं नाही म्हणूनच बाबा गेले. आता आमच्याच वावरातल्या मातीत सापडलेल्या दुसऱ्या जिवाणूंकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवून मी बशीच्या मधोमध टाकले होते. तिथं स्वच्छ गोल उमटला होता. “या गोलातले मेले, आई.” “बरं झालं मुडद्याइचं! अन् बाजूचे?” “जिते हायेत. आता कुकरात उकळून मारायचे.” “मार सगळ्याइले,” आई म्हणाली. मी बशी उचलली, तसं तिनंच माझं मनगट धरलं. “हे तुह्या बाबाच्या आंगातलेच ना वं?” “हो.” “मंग थांब. त्याइच्या आंगातलं एवढंच तं जितं राह्यलं.” कुकरातलं पाणी उकळायला लागलं. बशी आत ठेवावी की परत फ्रिजमध्ये, मला कळेना.