पेवातली हवा

पेवाच्या तोंडावरची फरशी सरकवली तसा आंबूस, गरम वास वर आला. आप्पासाहेबांनी उपरणं नाकाला लावलं आणि गड्याला, गहिनीनाथला, म्हणाले, "उतर."

दुष्काळात पाथर्डीकडची माणसं खडी फोडून सरकारी सुकडीवर जगत होती आणि या माणसाच्या अंगणाखाली, पेवाच्या खोल खड्ड्यात, दोन वर्षांचा जोंधळा निवांत पडून होता. आज त्याला मनासारखा भाव मिळाला होता. नगरच्या व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा होता.

"उद्या उतरतो, मालक. दीसभर उघडं ऱ्हाऊ द्या," गहिनीनाथ म्हणाला. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याने रिवाजाप्रमाणे कंदील दोराने आत सोडला. तो अर्ध्यातच विझला.

आप्पासाहेबांची विजयमाला नगरला कॉलेजात होती. ती ओसरीवरून म्हणाली, "आप्पा, दाणा जिवंत असतो. त्याच्या पेशी प्राणवायू घेतात, आतली साखर जाळतात, त्यावर जगतात. म्हणून तर एवढी ऊब आहे. खालचा प्राणवायू संपला असणार."

"लई शिकली आमची पोरगी," आप्पासाहेब ट्रकवाल्याला कौतुकाने म्हणाले. मग आतून बॅटरी आणून त्यांनी गहिनीनाथच्या हातात दिली. "ही घे. ही न्हाई इझायची. आन् जाताना पायलीभर जोंधळा घिऊन जा."

गहिनीनाथने बायकोकडे पाहिलं. झुंबरबाई रिकामी पाटी घेऊन उभी होती. घरात चूल थंड होती. त्याने कमरेला दोर बांधला आणि तो उतरला. विजयमाला चहा टाकायला आत गेली. सांगायचं ते तिने सांगितलं होतं!

दोर ढिला पडला. वाकून पाहिलं तर खाली बॅटरी झकास जळत होती आणि तिच्या उजेडात गहिनीनाथ पालथा पडला होता. चौघांनी ओढून वर काढला, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"काय झालं वो, ताई? पान लागलं का? जनावर हुतं का खाली?" झुंबरबाईने विचारलं.

विजयमाला रडत होती. "नाही, झुंबरबाई. खालची सगळी हवा जोंधळ्यानं घेतली. तो जिवंत असतो. मी सांगितलं होतं."

झुंबरबाई पेवाकडे बघत राहिली.

"व्हय, जित्ताच आसंल," ती म्हणाली. "दोन वरसं त्यालाच तर जगवीत हुता तुमी."